काकांची सीडी आणि नवं विंडोज

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि १७ तारखेला वसुबारस होती. छापखान्याच्या धंद्यात या दोनपैकी कुठल्या तारखेला मान असतो, हे वेगळं सांगायला नको. कऱ्हाडला माझ्या काकांचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावून द्यायचं, दुकान आहे. अंकांच्या जाहिराती, पतसंस्थांची शुभेच्छापत्रं, तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांच्या पत्रिका, यांतून मान वर करायला त्यांना सवड नव्हती. नवा कॉम्प्युटर आला तो दिवाळी उरकल्यावर. "तू आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही," असं काकांनी बजावून ठेवलं होतं, म्हणून मी पुण्याहून जाईपर्यंत तो खोक्यातच होता.

जुन्या मशीनला विंडोज ११ झेपणारं नव्हतं. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही. त्यावर आधी विंडोज ७ होतं, २०१५ मध्ये फुकट अपग्रेड मिळालं तेव्हा विंडोज १० आलं, आणि दोन्ही ३२ बिटची (कॉम्प्युटर एका दमात किती माहिती हाताळतो, त्याचं हे माप). या '३२ बिट'कडे दुकानात कुणी कधी लक्ष दिलं नव्हतं, द्यायचं कारणही पडलं नव्हतं. पुढचं सगळं रामायण मात्र त्यातूनच घडलं. विंडोज १० ची ३२ बिटची आवृत्ती मिळायची. विंडोज ११ फक्त ६४ बिटचंच आहे. त्यामुळे हे नुसतं एका आकड्यानं पुढे जाणं नव्हतं. दुकानातल्या जुन्या सामानाच्या पायाखालची जमीनच बदलली होती.

ते सामान म्हणजे पानं लावायचं पेजमेकर, मराठी टायपिंगचं एक पॅकेज, त्या पॅकेजचे फॉन्ट आणि एक लॉक. लॉक म्हणजे कॉम्प्युटरच्या मागच्या पंचवीस पिनांच्या गुलाबी पोर्टात बसवलेला बोटभर लांबीचा ठोकळा. प्रिंटरची वायर या ठोकळ्याच्या पाठीत खोचायची. ठोकळा नसेल तर पॅकेज उघडायचं, पण टाइप करू द्यायचं नाही. पॅकेज बनवणारी कंपनी कधीच बंद झाली. काकांनी सीडी मात्र बिलासकट प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलीय.

नव्या मशीनला सीडी ड्राइव्ह नव्हता, म्हणून यूएसबीचा बाहेरून लावला. सीडी फिरली, फाइल्स दिसल्या, सेटअपवर डबल क्लिक केलं आणि संदेश आला: हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही, योग्य आवृत्तीसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याकडे चौकशी करा.

"सीडीला ओरखडे पडले असतील गं," काका म्हणाले.

हा संशय पहिल्यांदा फेडायला हवा होता, कारण तो मनात राहिला की माणूस बाजारभर दुसरी सीडी शोधत हिंडतो. सगळ्या फाइल्स हार्ड डिस्कवर कॉपी केल्या. एकही अडली नाही. म्हणजे सीडी ठणठणीत. मग कम्पॅटिबिलिटी मोड. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'विंडोज एक्सपी' निवडा, हा सल्ला कुणीही देतं. पण तो मोड काय करतो हे फारसं कुणी सांगत नाही. एखादा प्रोग्राम आवृत्ती विचारून अडून बसत असेल, तर विंडोज त्याला 'मी एक्सपी आहे' असं सांगतं, जुन्या वागण्याच्या काही सवयी त्याच्यापुरत्या परत आणतं. जे यंत्रणेतच उरलेलं नाही, ते तो आणू शकत नाही.

इथे नेमकं काय उरलेलं नाही, ते फाइलच सांगते. मी काकांना शेजारी बसवून सेटअपची फाइल नोटपॅडमध्ये उघडली. कचऱ्यासारखी अक्षरं दिसतात, पण अगदी सुरुवातीला दोन अक्षरं स्वच्छ वाचता येतात: एम आणि झेड. डॉसच्या काळात मायक्रोसॉफ्टमध्ये काम केलेल्या मार्क झ्बिकोव्स्की या प्रोग्रामरची ती आद्याक्षरं, आणि आजही विंडोजच्या प्रत्येक ईएक्सई फाइलची सुरुवात त्यांनीच होते. थोडं पुढे गेलं की आणखी दोन अक्षरं येतात. पी आणि ई असतील तर प्रोग्राम ३२ किंवा ६४ बिटचा. एन आणि ई असतील तर १६ बिटचा, विंडोज ३.१ च्या काळचा. आमच्या सेटअपमध्ये एन आणि ई होती.

३२ बिटच्या विंडोजमध्ये १६ बिटचे प्रोग्राम चालवायची वेगळी व्यवस्था होती, अगदी विंडोज १० पर्यंत. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ३२ बिटच्या प्रोग्रामांची सोय आहे, १६ बिटवाल्यांची नाही. आणि नव्वदच्या दशकात कितीतरी पॅकेजांचं असं होतं, की आतला प्रोग्राम ३२ बिटचा, पण तो बसवणारं सेटअप १६ बिटचं, कारण सेटअपला जुन्या विंडोजवरही निदान उघडून 'इथे चालणार नाही' एवढं सांगता यायला हवं. म्हणजे दार बंद असतं, घर राहण्याजोगं असतं. म्हणूनच ६४ बिटच्या विंडोजमध्ये अशा एक-दोन प्रसिद्ध सेटअपांसाठी खास बदली इंजिनं ठेवलेली आहेत. आमचं सेटअप त्यांतलं नव्हतं.

मग दाराचा नाद सोडून घरच उचलून आणलं. जुन्या मशीनवरचा पॅकेजचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवरून नव्यावर ठेवला, आणि आतला प्रोग्राम खरंच उघडला. काकांचा चेहरा फुलला, पण तो फार वेळ टिकला नाही, कारण पुढची पाटी आली: लॉक सापडत नाही.

इथे एक नियम मनात पक्का ठेवावा लागतो. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचे प्रोग्राम चालतात, ३२ बिटचे ड्रायव्हर चालत नाहीत. ड्रायव्हर, म्हणजे एखाद्या उपकरणाशी, इथे लॉकशी, विंडोजला बोलू देणारा प्रोग्राम, सिस्टिमच्या गाभ्यात बसतो, तिथे तडजोड नसते. शिवाय व्हिस्टापासून ६४ बिटच्या विंडोजला तो डिजिटल सही केलेला लागतो. बंद पडलेल्या कंपनीच्या ड्रायव्हरवर सही कोण करणार? पॅरलल पोर्टही, म्हणजे तो गुलाबी पोर्ट, नव्या मशीनला नव्हताच. बाजारात यूएसबीला पॅरलल जोडणारी वायर मिळते, पण ती प्रिंटरपुरतीच असते. लॉकला पोर्टाशी थेट बोलायचं असतं, ते त्या वायरीतून होत नाही. दुकानदार 'चालेल की' म्हणून ती गळ्यात मारतात, म्हणून लिहिते आहे.

एव्हाना काका गप्प झाले होते. लॉक चालत नाही म्हणजे दुकान बंद, असाच हिशेब त्यांच्या डोक्यात होता, कारण सगळं काम त्या एका सेटअपमधून आलेलं. मला मात्र तिथेच वाट दिसू लागली. या पॅकेजकडून आपल्याला नक्की काय काय हवंय, ते एकेक सुटं करून बघू, असं मी त्यांना म्हटलं. अक्षरं दिसायला हवीत. टाइप करता यायला हवं. आणि कपाटभर सीडींवर, हार्ड डिस्कवर साठलेलं जुनं मॅटर उघडायला हवं. सेटअपनं ही तिन्ही कामं एका गाठोड्यात बांधून दिली होती, म्हणून ती एकच वाटत होती.

अक्षरांचं काम झटकन झालं. फॉन्ट म्हणजे नुसत्या टीटीएफ फाइल्स. त्यांना लॉक लागत नाही, ड्रायव्हर लागत नाही. जुन्या मशीनच्या फॉन्ट्स फोल्डरातून उचलल्या, नव्यावर निवडून 'इन्स्टॉल' म्हटलं. वर्डमधल्या काही फाइल्सचा मंगल फॉन्टही नव्या मशीनवर नव्हता. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या नावानं ऑप्शनल फीचर्समध्ये ठेवलेत. तिथून घेतले की येतात.

टायपिंगच्या कामात यंत्रापेक्षा माणसाचा प्रश्न मोठा होता. दुकानातल्या ऑपरेटर ताईंनी मराठी टायपिंगच्या ३० आणि ४० च्या परीक्षा मशीनवर दिलेल्या. त्यांची बोटं टाइपरायटरच्या मांडणीवर चालतात, स्क्रीनकडे न बघता. विंडोजमध्ये आयतं मिळतं ते इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड), आणि २०१९ पासून फोनेटिकही (इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे). दोन्ही चांगले आहेत, नव्यानं शिकणाऱ्यानं इनस्क्रिप्टच शिकावं असं माझं ठाम मत आहे. पण ज्या बाईनं अर्धं आयुष्य एका मांडणीवर हात बसवला, तिला 'आता हे शिका' म्हणणं मला पटत नाही. अपग्रेड यंत्राचं झालंय, त्याची किंमत तिच्या बोटांनी का मोजायची?

टाइपरायटरच्या मांडणीनं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरांच्या क्रमांकांत, लिहू देणारी इनपुट साधनं आहेत. त्यातलं एक घेतलं, तर त्याला डॉट नेट फ्रेमवर्क ३.५ (प्रोग्रामांना लागणारं मायक्रोसॉफ्टचं पूरक सॉफ्टवेअर) हवं होतं. विंडोज ११ मध्ये ते असतं, पण चालू करावं लागतं, आणि त्या वेळी बाकीच्या फाइल्स नेटवरून येतात. दुकानाचं नेट त्या दुपारी धापा टाकत होतं, 'सोर्स फाइल्स सापडल्या नाहीत' म्हणून काम अर्धवट थांबलं. अशा वेळी नेटच्या पाठी लागायचं कारण नाही. विंडोजच्या इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवर 'सोर्सेस' फोल्डरात 'एसएक्सएस' नावाचा फोल्डर असतो, लागणारं सगळं त्यात आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये डिस्म कमांडला तो पत्ता दिला की नेटशिवाय काम होतं. झालं.

ताईंनी खुर्ची पुढे ओढली, एक लग्नपत्रिका समोर ठेवली आणि सुरू केलं. वेलांटी आधी, अक्षर नंतर, अगदी सवयीप्रमाणे, आणि साधन ती मागच्या मागे बरोबर जागी बसवत होतं. दोन ओळी झाल्या आणि त्या थांबल्या.

"माझे शॉर्टकट कुठायत?"

हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. जुन्या पॅकेजमध्ये संक्षेप साठवायची सोय होती. 'चिसौ' टाइप केलं की 'चि. सौ. कां.', 'कृप्र' टाइप केलं की '॥ श्री कृष्णामाई प्रसन्न ॥', शिवाय आसपासच्या गावांची नावं, आडनावं, देवकं, कुलस्वामिनी, 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'पासून 'अगत्य येण्याचे करावे'पर्यंत. वर्षानुवर्षं त्यांनी ही यादी वाढवत नेलेली. मी पॅकेजचा फोल्डर आणला होता, त्यात यादीची फाइल होतीही, पण उघडली तर कंपनीनं दिलेले मोजके नमुने. ताईंचं त्यात काही नव्हतं. "गेलं वाटतं सगळं," एवढंच त्या म्हणाल्या आणि उठून चहा टाकायला गेल्या.

गेलं नव्हतं. जुने प्रोग्राम आपली माहिती आपल्याच फोल्डरात, प्रोग्राम फाइल्सच्या आत लिहायचे. व्हिस्टापासून सामान्य वापरकर्त्याला तिथे लिहायची परवानगी नाही. पण अशानं सगळेच जुने प्रोग्राम बंद पडतील, म्हणून विंडोज गुपचूप एक काम करतं: लिहिलेलं प्रत्येक वापरकर्त्याच्या 'ॲपडेटा'मधल्या 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरात ठेवतं आणि प्रोग्रामला वाटू देतं की आपण आपल्याच जागी लिहिलं. जुनं मशीन पुन्हा चालू केलं, ताईंच्या लॉगिनमध्ये लपवलेले फोल्डर दाखवा म्हटलं, आणि व्हर्च्युअलस्टोअरच्या आत, प्रोग्राम फाइल्सच्या आत, पॅकेजच्या नावाखाली त्याच नावाची दुसरी फाइल मिळाली. पहिलीपेक्षा कितीतरी मोठी. ताई कप घेऊन आल्या तेव्हा ती यादी स्क्रीनवर होती. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली. मधेच एका गावाच्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे माझं माहेर."

जुनं मशीन फॉरमॅट करून भाच्याला द्यायचं, असा बेत होता. तो मी तिथल्या तिथे रद्द करायला लावला. जुनं मशीन निदान काही महिने, नेट काढून, जसंच्या तसं ठेवावं. त्याच्या डिस्कची मी डिस्क-टू-व्हीएचडीनं पूर्ण प्रतिमाही काढली, म्हणजे उद्या ते मशीन बसलं तरी आतलं सगळं हाती राहतं, आणि वेळ पडली तर त्यातलं पेजमेकर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, उघडता येतं.

आता तिसरं काम, आणि माझ्या मते खरं काम.

काकांच्या डिस्कवर काय नाही? वाचनालयाच्या शताब्दीची स्मरणिका. गावोगावच्या देवस्थानांचे इतिहास, कुणा निवृत्त मास्तरांनी लिहून पदरमोड करून छापलेले. हौशी कवींचे संग्रह. घराण्यांच्या वंशावळी. यांच्या छापील प्रती जेमतेम काही शे निघतात आणि घराघरांत विरून जातात. मजकूर म्हणून ते फक्त या पेजमेकरच्या फाइल्समध्ये आहेत. आणि त्या फाइल्समध्ये, कॉम्प्युटरच्या नजरेनं बघितलं तर, मराठीचं एक अक्षरही नाही.

जुन्या फॉन्टमध्ये २५६ घरं असायची. इंग्रजी अक्षरांच्या त्या घरांत मराठीचे तुकडे बसवायचे: अर्धा ग, काना, वेलांटी, रफार, जोडाक्षराचा एखादा भाग. फाइलमध्ये साठतं ते इंग्रजी अक्षर. वर फॉन्टचा मुखवटा असतो म्हणून आपल्याला मराठी दिसतं. फॉन्ट नसेल तर पानभर अर्थहीन इंग्रजी अक्षरं. दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट लावला तर वेगळाच गोंधळ, कारण कुणाचा काना कुठल्या घरात हे ज्यानं त्यानं आपापलं ठरवलेलं. पीडीएफ केली तर फॉन्ट आत जातो, पान सुंदर दिसतं, पण त्यात 'कृष्णा' शोधा, सापडत नाही.

ज्यांनी हे फॉन्ट केले त्यांना मी दोष देणार नाही. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा आहे, पण विंडोजमध्ये ती नीट उमटायला विंडोज २००० यावं लागलं. पेजमेकरला तर युनिकोड कधी कळलंच नाही. २००१ ची सातवी आवृत्ती शेवटची ठरली. मधल्या काळात महाराष्ट्रातले अंक, पाठ्यपुस्तकं, पत्रिका निघाल्या त्या या २५६ घरांच्या कसबावरच. त्या कसबाचं मला कौतुकच आहे. पण त्यात लिहिलेलं बाहेर काढायची मुदत संपत चाललीय, आणि प्रत्येक नव्या विंडोजबरोबर ती आणखी आखूड होते. पेजमेकरच्या फाइल्स, त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये थेट उघडायच्या त्या सीएस ६ या आवृत्तीपर्यंत. पुढच्या आवृत्त्यांनी ते दार बंद केलं. लिब्रे ऑफिस हे फुकट सॉफ्टवेअर मात्र २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून पेजमेकरच्या फाइल्स उघडतं, हे फार थोड्या डीटीपीवाल्यांना ठाऊक आहे. फाइल उघडली तरी आतली अक्षरं जुन्याच घरांतली. मग त्यांचं युनिकोडमध्ये रूपांतर करायचं.

रूपांतर म्हणजे नुसतं एकाऐवजी दुसरं ठेवणं नव्हे. 'शिक्षण' लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी आधी आणि श नंतर. युनिकोडमध्ये श आधी. 'कीर्ती'तला रफार जुन्यात सगळ्यांत शेवटी टाइप व्हायचा; युनिकोडमध्ये र आणि हलन्त हे त च्या आधी साठतात. कन्व्हर्टरला प्रत्येक रफार उचलून अख्खं अक्षर ओलांडून मागे न्यावा लागतो. त्यात चूक झाली की 'कीर्ती'चा रफार पुढच्या शब्दावर जाऊन बसतो.

आणि मग आमचा ऱ. हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या कन्व्हर्टरला तो माहीतच नसतो. त्याला ऱ्य आणि र्य एकच. स्मरणिकेचं पहिलं प्रकरण रूपांतरित होऊन आलं, आणि पहिल्याच ओळीत गावाचं नाव 'कर्हाड' झालेलं. पुढे 'दर्याखोर्यांत', 'शेतकर्यांनी', 'दुसर्या दिवशी'. सरसकट बदलही करता येत नाही, कारण 'कार्य', 'सूर्य', 'आचार्य' यांचा रफार खराच आहे. 'आचार्यांनी सांगितले' आणि 'आचाऱ्यांनी सांगितले' यांत कोण बोललं हे मजकूर वाचूनच ठरतं. उपाय मुळाशी होता. जुन्या फॉन्टमध्ये या दोन रूपांची घरं वेगळी आहेत, तेव्हा फरक मूळ फाइलमध्ये शाबूत असतो; कन्व्हर्टर तो पुसतो. आम्ही कन्व्हर्टरच्या तक्त्यात ऱ चं घर शोधून तिथे ऱ आणि हलन्त अशी जोडी घातली आणि प्रकरण पुन्हा चालवलं. 'कऱ्हाड' आलं. काकांनी चष्मा वर सरकवून स्क्रीनजवळ तोंड नेलं आणि नाव मोठ्यानं वाचलं.

नवीन पान लावताना इनडिझाइनमध्ये एक गोष्ट विसरून चालत नाही: पॅरग्राफला वर्ल्ड-रेडी कंपोजर, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय, द्यायचा. नाहीतर वेलांटी अक्षराच्या पुढे पळते, जोडाक्षरं सुटतात, आणि लोक 'युनिकोडमध्ये डीटीपी होत नाही' म्हणून परत जुन्याकडे जातात. होतं. उत्तम होतं.

स्मरणिकेच्या युनिकोड प्रती वाचनालयाचे एक जुने कार्यवाह छापील पुस्तक शेजारी ठेवून तपासताहेत. त्यांच्या खुणा ताई लावतात, आणि तक्त्यात काही सुटलं असेल तर मला फोन येतो. अजून वंशावळी आहेत, देवस्थानं आहेत. नव्या कामांसाठी काकांनी आपणहून एक पद्धत घातलीय: गिऱ्हाइकाला पीडीएफबरोबर युनिकोडमधल्या मजकुराची फाइलही द्यायची, वेगळे पैसे न घेता. पहिली फाइल गेली ती एका भजनी मंडळाच्या अभंगांच्या पुस्तिकेची, आणि मंडळातल्या पोरांनी त्याच संध्याकाळी ती आपल्या फोनवर घेऊन त्यात अभंग शोधून बघितला.